सात दारांचं एक फिनिश

“पाव्हणं, तुमच्या घराचं फिनिश कोणतं आहे?” रामप्रसादांनी विचारलं, आणि मसाजीच्या हातातला चहा बशीबाहेर सांडला.

वसमतला रामप्रसादांच्या बैठकीत मसाजी आपल्या मुलासाठी, शिवहारसाठी, मुलगी बघायला आला होता. मुलगी बघून झाली होती. अंजली नाव. बारावी झालेली, मान वर करून बोलणारी. मसाजीला पसंत होती. शिवहारला तर ती पोहे घेऊन आत यायच्या आधीच पसंत होती. आता फक्त मोठ्यांचं बोलणं राहिलं होतं आणि तिथेच मसाजी कच्चा होता. चाळीस वर्षं शेळ्या-मेंढ्यांशी बोललेला माणूस. शेळ्या कधी फिनिश विचारत नाहीत.

“झालं की फिनिश,” मसाजी म्हणाला. “दिवाळीतच झालं. सलाब पडला, गिलावा झाला, समदं फिनिश.”

पडद्यामागे कोणीतरी फसकन हसलं. रामप्रसाद हसले नाहीत, आणि मसाजीला त्याचंच जास्त लागलं. ते तहसीलमध्ये कारकून होते. न हसता माणसाकडे बघायची त्यांना सवय होती. ते उठून दारापाशी गेले आणि हँडलवर हात ठेवून म्हणाले, “तसं नाही. हे म्हणतो मी. कडी, कोयंडा, हँडल, बिजागरी. आमच्याकडं सगळं अँटिक आहे. समोरच्या दाराला जे, तेच मागच्या दाराला. एका दाराला पिवळं आणि दुसऱ्याला पांढरं, हे आपल्याला चालत नाही. माणसाचं घर त्याच्या कडीवरून कळतं.”

मसाजीने त्या हँडलकडे बघितलं. चुलीजवळ राहिलेल्या तांब्यासारखं ते तपकिरी-काळं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर साखऱ्यातल्या स्वतःच्या घराची दारं एकेक करून उभी राहिली. पुढच्या दाराला लोखंडी साखळी. मधल्या खोलीला तार. स्वयंपाकघराला जुन्या घराचा अडसर, तोही एका बाजूने कापलेला. कोठीला बैलगाडीची खीळ. देवघराच्या दाराला काहीच नाही, कारण देव कुठे जात नाही. मागच्या दाराला वाकवलेला खिळा. आणि त्याच्याही मागे न्हाणी-संडासाच्या दाराला सुतळी. घर नवं होतं, पण कड्या मिळतील तिथून गोळा झालेल्या होत्या.

मसाजीचे कान तापले. खाली मान घालून तो म्हणाला, “आमचंबी अँटिकच हाय.”

शिवहारने चमकून बापाकडे पाहिलं.

“वा!” रामप्रसाद खूश झाले. “सगळ्या दारांना?”

“साती दारांना.”

“मग तर बघायलाच पाहिजे. येत्या रविवारी मी एकटाच येतो. घर बघून तारीख पक्की करू.”

परतीच्या एसटीत औंढा येईपर्यंत बाप-लेक बोलले नाहीत. नागनाथाचं शिखर दिसल्यावर मसाजीने हात जोडले आणि शिवहारने तोंड उघडलं.

“आबा, अँटिक मंजी काय, तुमाला ठाऊक हाय का?”

“न्हाई. तुला?”

“मलाबी बराबर ठाऊक न्हाई.”

“मंग चूप बस.”

थोड्या वेळाने शिवहार पुन्हा म्हणाला, “पण खोटं काहून बोललाव?”

मसाजी खिडकीबाहेर बघत राहिला. काहून बोललो, हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. पेरणीत खोटं नाही, बाजारात जनावराचे दात दाखवताना खोटं नाही, आणि एका कडीपायी जीभ घसरली. “त्यांच्या बैठकीत बसलो आन् लाज वाटली बाप्पा,” तो एवढंच म्हणाला. “आता रविवारच्या आत खोट्याचं खरं करू. मंग ते खोटं राहात न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तो हिंगोलीला लालसिंगच्या हार्डवेअरच्या दुकानात हजर झाला.

“अँटिक दाखवा.”

लालसिंगने खोका उघडून एक हँडल समोर ठेवलं. मसाजीने ते नखाने खरवडलं, वास घेतला आणि परत सरकवलं. “हे वापरलेलं हाय.”

“नया है, काका. एकदम कोरा.”

“मंग काळं काहून?”

“काळंच बनवून राहिले आता. जुनं दिसावं म्हणून.”

“आन् जुनं झाल्यावर?”

“जुनं झाल्यावर अजून जुनं दिसतं. तोच तर फायदा आहे ना याचा!”

मसाजी विचारात पडला. बाजारात म्हातारी शेळी तरणी म्हणून गळ्यात मारणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. तरणी शेळी म्हातारी म्हणून, तीही जास्त भावाने, विकणारा हा पहिलाच.

“दारं किती?” लालसिंगने विचारलं.

“सात.”

“बाहेरच्या कड्या सात. आतल्या किती देऊ?”

“आतल्या काहून?”

“आतून लावायला.”

“आत तर माणूस असतंय,” मसाजी त्याला समजावून सांगू लागला. “कडी माणूस नसताना लावायची. शेरडं आत शिरू न्हाईत म्हणून. माणूस घरात हाय मंजी राखण हाय. एक दार, एक कडी. सोपा हिसाब हाय.”

लालसिंगने गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, हे तत्त्व पाळलं. त्याने खोके मोजले. कडी, कोयंडा आणि हँडल असा एक जोड. तसे सहाच निघाले.

“एक कमी पडून राहिला. आठ दिवसांत मागवतो.”

“आठ दिवसांत मला तारीख काढायची हाय!”

“मग एक गोल्डन घेऊन जा. बघा, कसा चमकतो.”

तो सातवा जोड खरोखरच लग्नातल्या बँडच्या पिपाणीसारखा चमकत होता. मसाजीला तो मनापासून आवडला, आणि आवडला म्हणून मनातून लाजही वाटली. मोठ्या माणसांना काळं आवडतं, आपल्याला मात्र चमकणारं. त्याने तो पिशवीत सगळ्यांच्या खाली ठेवला.

शुक्रवारी संतराम सुतार कड्या बसवायला आला. सहा दारं झाली. सातवा चमकता जोड हातात घेऊन तो म्हणाला, “मसाजीराव, हे कुठं?”

“मागं, न्हाणी-संडासाला. तिथं कोण बघतंय?”

“ह्याच्यासंगं इस्क्रूच न्हाईत.”

“तुझ्याजवळचे लाव.”

“माझ्याजवळचे आखूड हायेत.”

“चालतंय. तिथं कोण बघतंय?”

संतरामने आखूड स्क्रू पिळले. फरशी उंच केल्यावर हे दार खाली घासायला लागलं होतं, म्हणून त्यानेच ते खालून चार बोटं कापलं होतं. तो दारातून आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला.

“आतून कायीच न्हाई का?”

“आतून कोण बघतंय फिनिश?”

“फिनिशचं न्हाई म्हणत मी. आत गेलेल्या माणसानं करावं काय?”

“खोकावं,” मसाजी म्हणाला. “आजवर आपण काय करत हुतो?”

मसाजीची बायको बनाबाई चार दिवस माहेरी गेली होती. ती शनिवारी दिवे लागल्यावर परतली. तिने दारांकडे पाहिलं नाही, आणि मसाजीने तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खोटंही सांगावं लागलं असतं.

रविवारी सकाळी मसाजी शेळ्या सोडून, त्यांना शेजारच्या जळबाच्या कळपात घालून परत आला तर घराच्या पायरीवर चिंचेचा कोळ, मीठ आणि राख यांचं ताट होतं. बनाबाई पदर खोचून पुढच्या दाराच्या हँडलला नारळाच्या शेंडीने घासत होती. देवघराचं दार आणि मधली खोली उरकली होती.

“अगं, काय करून राहिलीस तू!”

“तुमची अब्रू राखून राहिले,” बनाबाई धापा टाकत म्हणाली. “लालसिंगनं गंडवलं बघा तुमाला. समदं काजळलेलं पितळ दिलं. संडासाच्या दाराला सोन्यावानी, आन् देवाच्या दाराला काजळी? म्हटलं, समदं त्या मागच्या दारावानी लख्ख करते. पण काय मेलं हे पितळ! पिवळं व्हईचना.”

ते पिवळं होणार नव्हतं, कारण ते पितळ नव्हतंच. वरचा काळा-तपकिरी थर जिथे निघाला होता तिथे खालून पांढरा, शिशासारखा धातू दिसत होता. तिन्ही हँडलं मसाजीच्या कबऱ्या शेळीसारखी झाली होती. काळं, मध्येच पांढरं, पुन्हा काळं.

मसाजी पायरीवर बसला. बायकोला ओरडावं तर तिचं काय चुकलं? पाहुणे येणार म्हटल्यावर पितळ घासायचं, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. काळं हँडल मुद्दाम काळं असतं, हे कुणी शिकवलं होतं?

“हे काळंच पाहिजे हुतं,” तो हळूच म्हणाला.

“काळं? पाव्हण्यांसाठी?”

“पाव्हण्यांचंबी काळंच हाय.”

“त्यांच्याकडं चिंच मिळत न्हाई का?” बनाबाईने विचारलं.

मार्ग शिवहारने काढला. तो सेनगावच्या एका शाळेत लिपिक होता आणि त्याच्याकडे एक बुटांचा जोड होता, म्हणून बुटांचं पॉलिशही होतं. काळ्या डबीत थोडं तांबडं कालवून त्याने तिन्ही हँडलं बोटाने सारवली. पाच हातांवरून बघितलं तर अगदी अँटिक. मसाजीला तर ती आधीपेक्षा बरी वाटली.

“आबा, आता तुमी माझे बूट घाला,” शिवहार म्हणाला. “पाव्हण्यांसमोर टायरच्या वहाणा नकोत.”

बूट एक नंबर मोठे होते आणि पावलागणिक करकर वाजत होते.

“आबा, जरा हळू चाला.”

“मी हळूच चालून राहिलो. बूट जोरात चालून राहिलेत.”

साडेअकराच्या गाडीने रामप्रसाद आले. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन. त्यांनी पायरीवर चप्पल काढली, घराकडे बघितलं नाही, माणसांकडे बघितलं नाही, थेट पुढच्या दाराच्या हँडलवर हात ठेवला आणि प्रेमाने वरून खाली फिरवला.

“वा, मसाजीराव! आमच्यापेक्षा गडद आहे.”

“गडदच मागितलं हुतं,” मसाजी म्हणाला.

मग ते मधल्या खोलीच्या दारापाशी गेले. तिथेही हात फिरवला. देवघरापाशी हँडल धरून त्यांनी देवाला नमस्कार केला. त्यानंतरच्या तीन दारांवर पॉलिश नव्हतं, पण तोपर्यंत त्यांचे दोन्ही तळवे भरले होते. उन्हातून आल्यामुळे घाम येत होता. त्यांनी कपाळ पुसलं. नाकही पुसलं. मसाजी बघत राहिला. पाहुण्यांच्या कपाळावर बुक्क्यासारखा आडवा पट्टा उमटला आणि नाकाचा शेंडा काळा झाला.

बनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, पाहुण्यांकडे बघितलं आणि पदर तोंडात कोंबून तशीच परत फिरली. पाणी तिच्याच हातात राहिलं.

सांगावं की सांगू नये? सांगितलं तर पॉलिश कुठून आलं ते सांगावं लागणार, पॉलिशमागून चिंच येणार, चिंचेमागून साखळी आणि तार. तारीख तर त्या साखळीलाच लटकून राहील. न सांगावं तर समोर बसलेला माणूस असा दिसतोय. मसाजीला स्वतःच्याच घरात कुठे बघावं ते कळेना.

“पाव्हणं,” तो शेवटी म्हणाला, “हातपाय धुऊन घ्या. जेवायलाच बसू.”

रामप्रसादांनी हात पुढे करून पाहिले. “हे काय लागलं?”

“वंगण हाय. कड्या नव्या हायेत ना.”

“हँडलला वंगण?”

“आमच्याकडं लावत्यात.”

रामप्रसाद मागे न्हाणीकडे गेले. सातवं दार आणि त्यावरचं सोनेरी फिनिश त्यांना दिसलंच असणार, पण ते काही बोलले नाहीत. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मसाजीला बसवेना. तो उठला आणि घरभर फिरू लागला. पुढचं दार बघितलं, पॉलिश पुसलं गेलं होतं. मधलं बघितलं. कोठीचं बघितलं. तसाच मागच्या अंगणात गेला. तिथे घरी राहिलेली कबरी शेळी भिंतीला अंग घासत होती. तिला ‘हुर्र’ केलं आणि तो पुन्हा पुढे येऊन बसला. बूट करकर वाजत होते.

थोड्या वेळाने मागून ठकठक ऐकू आली. मग धडधड.

“मसाजीराव! अहो मसाजीराव! दाराला बाहेरून कडी लागली!”

सगळे मागे धावले. सोनेरी कडी कोयंड्यात आरपार गेलेली होती, अगदी शेवटपर्यंत.

“कडी कुणी लावली?” मसाजी गरजला.

“मी चुलीपाशी हुते,” बनाबाई म्हणाली.

“मी पुढं पानं मांडून राहिलो हुतो,” शिवहार म्हणाला.

मसाजीने स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्याला काहीच आठवत नव्हतं, पण त्याच्या उजव्या हाताला सगळं आठवत होतं. चाळीस वर्षांत त्या हाताने एकही दार नुसतं ओढलेलं राहू दिलं नव्हतं. समोर शेळी, शेजारी लोटलेलं दार, की हात आपला आपण वर जायचा आणि कडी सरकवून खाली यायचा. मसाजीला त्यासाठी विचार करावा लागत नसे. आजही लागला नव्हता.

त्याने तोच हात पुढे करून कडी जोरात मागे ओढली. आखूड स्क्रूंनी लाकूड सोडलं. कडीची मूठ त्याच्या हातात आली आणि मधला गज कोयंड्यात तिरपा अडकून बसला.

“निघाली का?” आतून रामप्रसादांनी विचारलं.

“निघाली,” मसाजी म्हणाला. “पण दार न्हाई निघालं.”

शिवहार संतरामला आणायला पळाला. संतराम जळबाच्या शेतात वखर नीट करत होता. जाऊन-येऊन अर्धा तास. बनाबाई पोळ्या करपतील म्हणून आत गेली. मागच्या अंगणात दाराच्या बाहेर मसाजी, दाराच्या आत रामप्रसाद आणि मध्ये कबरी शेळी.

“मसाजीराव, आहात का?”

“हाय, हाय.”

“कडी लावली कुणी?”

मसाजीने इकडेतिकडे बघितलं. शेळीने त्याच्याकडे बघितलं.

“शेळीनं,” तो म्हणाला.

“शेळी कडी लावते?”

“जिभेनं उघडती बघा कवाकवा. लावायलाबी शिकली असंल.”

“बरं,” रामप्रसाद म्हणाले.

दाराकडे तोंड करून उभं राहायला मसाजीला सोपं जात होतं. वसमतच्या बैठकीत त्या माणसाचा चेहरा समोर होता, म्हणून जीभ घसरली. आता समोर फक्त फळ्या होत्या. तो दाराला टेकून खाली बसला.

“पाव्हणं, एक सांगू का? आमचं अँटिक न्हाई. मंजी हाय, पण शुक्रवारपासून हाय.”

आणि मग त्याने सगळं सांगितलं. साखळी सांगितली, तार सांगितली, खीळ आणि सुतळी सांगितली. बनाबाईची चिंच सांगितली. “तिचा कायी कसूर न्हाई. तिला मी सांगितलंच न्हाई, लाजेपायी. पोराचाबी न्हाई. समदं माझंच हाय. लेक द्यायची न द्यायची तुमी बघा, पण ती द्याल तर हे ठाऊक असून द्या. आन् पाव्हणं...”

“आणखी काय?”

“तुमच्या हाताला लागलंय ते वंगण न्हाई, बुटाचं पॉलिश हाय. कपाळावरबी हाय. नाकावर जरा जास्त हाय.”

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. एक तांब्या, दोन तांबे, तीन. मग खाकरल्याचा.

“मसाजीराव,” रामप्रसाद म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता तहसीलमधला राहिला नव्हता, “आमचंबी समद्या दारांचं एक न्हाई.”

“आं?”

“बैठकीचं आन् मधल्या दाराचं तेवढं अँटिक हाय. पाव्हणे तिथपर्यंतच येत्यात. मागं कोण बघतंय?”

“मंग मागं काय हाय?”

“सुतळी.”

“न्हाणीला?”

“व्हय.” थोडं थांबून ते म्हणाले, “पण आतून हाय.”

मसाजीला हसू आलं आणि त्याने ते गिळलं. आतूनही कोणीतरी काहीतरी गिळल्यासारखा आवाज आला.

संतरामने येऊन गज कापला. दार उघडलं तेव्हा मात्र दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. दाराआड बोललेलं समोरासमोर आठवलं की असं होतं. रामप्रसादांचं नाक चोळून चोळून लाल झालं होतं. ते मुकाट्याने जेवले, आणखी एक पोळी मागून घेतली, आणि हात धुताना पंचांग मागितलं.

“वैशाखातली काढू,” ते म्हणाले. “फक्त तेवढी आतून एक कडी बसवा. कोणत्याबी फिनिशची. माझ्या लेकीला खोकायला लावू नका.”

तारीख निघाली. संतरामने सोमवारीच आतून साधी लोखंडी कडी बसवली. सगळं मार्गी लागलं, आणि मसाजीची लाज मात्र वाढत गेली. कारण त्याने सगळं कबूल केलं होतं, एक सोडून.

गज कापताना संतरामलाही मसाजीने शेळीचंच नाव सांगितलं होतं, आणि त्याने ही गोष्ट गावभर केली. मसाजीची शेळी कडी लावते! रोज कोणी ना कोणी कबरीला बघायला येऊ लागलं. जळबा तर एक दुपारभर स्वतःच्या घराचं दार लोटून तिला समोर धरून उभा राहिला. “लाव, माय, लाव,” म्हणत त्याने तिला पावशेर पेंड चारली. शेळीने पेंड खाल्ली.

“लाजतीय,” जळबा म्हणाला. “माणसांसमोर करत न्हाई.”

मसाजीने मान फिरवली. मुकं जनावर. आपलं नाव सांगू शकत नाही म्हणून आपण त्याच्यावर ढकललं. बनाबाईने तर पाहुण्यांना कोंडलं म्हणून त्या दिवशी शेळीच्या पाठीत लाटणंही घातलं होतं. मसाजी रोज तिला एक भाकरी जास्त चारू लागला आणि तिच्या डोळ्यांत बघायचं टाळू लागला. पण खरं सांगावं तर कसं सांगावं? होणाऱ्या व्याह्याला मी माझ्या हाताने संडासात कोंडलं आणि गरजून विचारलं, कडी कुणी लावली? हे वाक्य त्याने मनात दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा मोडलं.

वैशाखात वसमतला लग्न लागलं. मांडवात व्याह्यांचा आहेर झाला. रामप्रसादांनी मसाजीला फेटा बांधला, धोतर दिलं आणि वर एक खोका हातात ठेवला. मसाजीने झाकण उघडलं. आत कातडी चपलांचा जोड होता. मऊ, साधा, तेल पाजलेला.

“घालून बघा,” रामप्रसाद म्हणाले.

मसाजीने पाय घातले. बरोबर बसल्या. तो दोन पावलं चालला.

रामप्रसाद त्याच्या कानाशी वाकले. “ह्या वाजत न्हाईत, व्याही.”

मसाजी जागच्या जागी थांबला.

“त्या दिशी मी आत हुतो,” रामप्रसाद हळू आवाजात म्हणाले. “करकर करत बूट आले. दाराखालून चार बोटं उजेड येत हुता, त्यात मला बूट दिसले. कडी लागली. करकर करत बूट गेले. माझा बापबी शेरडंच राखायचा. शेळीचे पाय मला ओळखू येत्यात.”

“मंग... मंग बोलला न्हाईत काहून?”

“तुमी इतकं समदं कबूल केलं,” रामप्रसाद म्हणाले. “म्हटलं, एक तरी तुमच्यापाशी राहू द्यावं.”

मसाजीने फेट्याचं टोक डोळ्यांवर ओढलं. लोकांना वाटलं, व्याही-व्याही भेटीत गहिवरले. वाजंत्रीवाल्यांनी जोरात धरलं.

आता त्या घराची सात दारं सात रंगांची झाली आहेत. पॉलिश उडालं, खालचं पांढरंही काळवंडलं. लालसिंग म्हणाला होता तसं ते खरोखरच अजून जुनं दिसतं. अंजली त्याला हात लावत नाही आणि चिंच फक्त आमटीत घालते. मसाजीचा हात दार दिसलं की अजूनही आपला आपण वर जातो, पण आता तो अर्ध्यावर थांबतो.

“आत कोण हाय का?” मसाजी विचारतो.

कोठीला विचारतो, देवघराला विचारतो. दिवस मावळताना शेळ्या आत घातल्यावर तो आपल्या न वाजणाऱ्या चपला घालून शेडच्या फाटकापाशी उभा राहतो आणि तिथेही तेच विचारतो. आतून सगळ्यांच्या आधी कबरी ओरडते. तिचं पूर्ण ओरडून होईपर्यंत मसाजी खाली मान घालून थांबतो, आणि मगच कडी लावतो.